उंदराच्या हातातला मोदक

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. सांगायला बसलो की मी दरवेळी वेबसाइटपाशी सुरू करतो आणि तिथेच घुटमळतो. आजही तिथूनच सुरू करतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याचा, पेणला कॉम्प्युटर क्लास चालवायचो. जवळच्या जोहे गावात यमुनाकाकींचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. नात्याच्या नव्हत्या, पण मी गेलो की मातीचे हात धुऊन आधी चहा टाकायच्या. कारखान्यासाठी मी एक वेबसाइट बनवली आणि त्यांच्या नव्या मूर्तीचे फोटो तिच्यावर चढवले—समोरून, बाजूने, मागून. काकींना एकच धास्ती, कुणी नमुना उचलला तर? मी ऐटीत सांगितलं, कुलूप लावलंय, पासवर्डशिवाय कुणाला दिसायचा नाही.

खरं होतं का ते? अर्धं. कुलूप फक्त पानाला होतं. फोटो मागे उघड्यावरच पडलेले. त्यांचा थेट पत्ता टाइप केला की कुणालाही उतरवून घेता यायचे. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. हे मला माहीत होतं. आणि—इथेच जीभ अडते—तो पत्ता मीच दिला. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पान उघडेना, तो फोनवर चिडचिड करत होता. मी कंटाळून तिन्ही फोटोंचे पत्ते अक्षर अक्षर सांगून टाकले.

पुढच्या हंगामात शेजारच्या गावात तीच मूर्ती निघाली. काकी बघायलाही गेल्या नाहीत, ऐकूनच खचल्या. संशय गेला सुमनताईंवर. वीस वर्षं त्या काकींकडे आखणी करत होत्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवत होत्या. साच्यांच्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची.

त्या दिवशी मी कारखान्यातच बसलो होतो, हातात चहाचा कप.

"साचा तूच दिलास ना गो?" काकींनी विचारलं.

"मी नाय दिला, काकी." एवढंच बोलून सुमनताईंनी किल्ली पाटावर ठेवली, कुंचले पुसून जागेवर लावले आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागल्या.

मी ती नक्कल पाहून आलो होतो. तिच्यातल्या उंदराचे हात रिकामे होते. फोटो काढले तेव्हा आमचाही उंदीर रिकाम्या हातांचाच होता. साचा करण्याआधी काकींनी त्याच्या हातात मोदक दिला. म्हणजे ती मूर्ती साच्यातून आलीच नव्हती—माझ्या फोटोंवरून घडवलेली होती. एक वाक्य बोललो असतो तर? सुमनताई अजून कुंपणापाशीच होत्या. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये जाऊन मी फोटो काढून टाकले. ते मात्र लगेच जमलं.

त्या दोघी पुढे एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. सुमनताई लेकीकडे कोलाडला गेल्या, आणि काकी आता नाहीत. दोघींवर माझी माया होती—हे लिहितानाही लाज वाटते.

त्या वर्षी डोळे काकींनीच रंगवले. आमच्या घरचा गणपती त्या स्वतः निवडून द्यायच्या. मूर्ती माझ्या हातात ठेवून त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. एक डोळा किंचित खाली उतरला होता.

"सुमनसारखं नाय जमत रे मला," म्हणाल्या.

तेव्हाही सांगता आलं असतं. मी मूर्ती सांभाळून धरली आणि म्हणालो, "डोळे चांगले झालेत, काकी."