राक्षस मारून आलेल्याचा सदरा

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असावं. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाल्याचा तंबू होता. मागं पडद्यावर राक्षस, पुढं लाकडी उडता घोडा, शेजारी बसायला लाकडी चंद्रकोर आणि धरायला पत्र्याची तलवार. मी फोटोवाल्यानंच दिलेली खोट्या मोत्यांची माळ घालून रांगेत उभी. माझ्यापुढं एक माणूस होता, गिरणीतनं सरळ आलेला. केसांत, भुवयांत कापूस. उभ्या उभ्या त्याची बोटं हवेतच तुटका धागा जोडत होती.

फोटोवाला म्हणाला, "तुमी चंद्रावर बसा की. घोडा राजपुत्राचा हाय."

"मला घोडाच पायजे."

"मग हा मखमली कोट तरी चढवा. मळक्या सदऱ्यात कुठला राजपुत्र बघितलाय?"

रांग हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

त्यानं तलवार उचलली, टांग टाकून घोड्यावर बसला. म्हणाला, "मालक, राक्षस मारून आलेल्याच्या सदऱ्याला इस्त्री असती व्हय? काढा फोटो."

फोटोवाल्यानं कोट परत खुंटीला टांगला आणि फोटो काढला.

मग माझी पाळी आली. मी मोत्यांची माळ उतरवून फोटोवाल्याच्या हातात दिली. त्या फोटोत बघा, गळ्यात नुसती काळी पोत आहे आणि मान कशी ताठ!