वैशाखात पाहिलेली मुलगी

तुळशीचं लग्न लागलं की डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत मुली दाखवायचे दिवस सुरू व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच माझी मोठी बहीण मिटायची. दिवस लहान झाले की ताईचं बोलणंच जायचं. केस विंचरणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं. आमची खोली उत्तरेकडची, दिवाळीनंतर तिथे उन्हाचा कवडसाही येत नसे. आईने दृष्ट काढून पाहिली, टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून झाला. शेजारणी "आळशी आहे मेली" म्हणून मोकळ्या. अशा मुलीला पाहुण्यांपुढे बसवायचं! नाव विचारलं तरी मान वर नाही. दरवर्षी नकार यायचे.

मला एक उपाय तेवढा सापडला होता. दुपारी तिला ओढत विहिरीजवळच्या उन्हात न्यायचं आणि पुढ्यात तांदळाचं सूप ठेवायचं. "निवड, नाहीतर आज भात नाही," मी दटावायचे. तासभर उन्हात बसली की रात्री चार घास पोटात जायचे, एखादा शब्द फुटायचा. होळीनंतर मात्र काही करावं लागत नसे. तिचं हसणं चाळभर ऐकू यायचं.

एका वर्षी कल्याणची मंडळी वैशाखात आली. ताईने हसतखेळत पोहे दिले, होणाऱ्या सासूची थोडी चेष्टाही केली. होकार जागच्या जागी मिळाला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि आम्हाला बजावलं, "तिकडे काही बोलायचं नाही हं. लग्न झालं की होतं सगळं ठीक." वडील गप्प बसले, मीही बसले. वाटलं, जिंकलो. जिंकलो कसले डोंबलाचे.

थंडी आली तेव्हा ताई सासरी होती. नव्या सुनेला भरदुपारी अंगणात कोण बसू देणार? आणि तिला ऊन हवं असतं हे त्यांना सांगितलं होतं कुणी? पौषात नवरा तिला आमच्या दारात सोडून गेला. "दाखवली एक, दिली दुसरी," एवढंच म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

मी पुन्हा तिला विहिरीवर नेऊ लागले. फाल्गुन सरता सरता ताई उठली. स्वतःच पेटी भरली, ठेवणीतलं पातळ नेसली आणि वडिलांच्या मागे लागली, "मला पोचवा ना, मी अगदी बरी आहे आता."

आम्ही तिघं कल्याणला गेलो. ताई हसत सासूच्या पाया पडली. सासूने तिला नीट न्याहाळलं.

"धडधाकट तर आहे. म्हणजे इतके दिवस सोंगच चाललं होतं."

वडिलांना राहवलं नाही. "सोंग नाही हो. दर थंडीत तिला असं होतं, लहानपणापासून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सासू म्हणाली.

ताईने एकदा वडिलांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पेटी उचलली आणि आमच्या आधी जिना उतरू लागली.