परकोटावरचं फडकं

चंद्रपुरात आमचं घर परकोटाला पाठ लावून आहे. ओळीने अकरा घरं, सगळी एकमजली, आणि सगळ्यांची मागची भिंत म्हणजे राजाच्या वेळचा परकोट. त्याला खिळासुद्धा मारायचा नाही, हे सासूने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात पुरातत्त्व खात्याने गल्लीच्या तोंडाशी एक सूचना चिकटवली. मी चौथी शिकलेली, तरी गल्लीतल्या बायकांत वाचता येणारी मीच. चारचौघांत वाचायची लाज वाटते म्हणून दुपारी कोणी नसताना जाऊन वाचली. परकोटामागच्या तलावापलीकडून पाहिलं तर परकोटाची रेघ मोकळी दिसायला हवी, तिच्या वर घर, टाकी, टिनाचं छप्पर काही डोकावू नये. ज्याला माडी बांधायची असेल त्याने माडीच्या उंचीचा बांबू घ्यायचा, शेंड्याला लाल फडकं बांधायचं आणि ठरल्या दिवशी दारापुढे जमिनीवर उभा धरायचा. खात्याचे साहेब पलीकडून पाहणार. फडकं दिसलं तर परवानगी नाही.

आम्हाला माडी हवी होती ती नणंदेमुळे. नवरा वारल्यावर तिच्या दिराने तिला मारून घराबाहेर काढलं होतं. सिंदेवाहीकडच्या तिच्या सासरच्या गावातून ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अजूनही जात नाही. तीन वर्षं एकाच खोलीत नवरा, मी, पोरगी आणि ती.

ती मला मुकी म्हणायची. पाहुणे आले की मी दुकानात मीठ कसं मागते त्याची नक्कल करायची आणि सगळे हसायचे. मीही हसायची. माझं दुसरं पोर जन्मल्यावर रडलंच नाही, तसंच गेलं, तेव्हा दवाखान्यात नर्ससमोर ती म्हणाली, "मायवरच गेलं. मुकं निघालं."

त्यानंतर मी तिच्यासमोर कधी हसले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

बांबू धरायच्या आदल्या दिवशी नवरा जेवताना तिच्यासमोरच बोलला. "माडी झाली तर बाई इथीच राहील. नाई झाली तर तिले गावाले सोडून येतो. एका खोलीत आता मले नाई जमत."

नणंदेने हातातला घास ताटात ठेवला. "दीर मले मारून टाकीन रे," ती म्हणाली. नवऱ्याने आणखी भात वाढून घेतला.

सकाळी तो बल्लारपूरला कामावर गेला. इतरही माणसं गेलेली. गल्लीत बायकाच. साहेबांचा एक शिपाई फोन कानाला लावून आला आणि शेजारच्या काकूच्या दारात चहा घेत बसला. माडीसाठी पाच घरांनी अर्ज केले होते. काकूचा बांबू पहिला. तिने त्याचा पाय सरळ दारापुढच्या सांडपाण्याच्या नालीत रोवला. आमची नाली दीड हात खोल आहे.

"काकू, कागदावर जमिनीवर लिवलं हाय म्हणते ना?" पलीकडच्या घरातली सून म्हणाली.

"मंग नाली का आभाळात हाय का? साहेब तिकडून माह्या बांबूचे पाय पाहून राह्यला का?"

शिपाईसुद्धा हसला. "ठेवा ठेवा. मी चहा पिऊन राह्यलो, मले काही दिसत नाई."

चारही बांबू नालीत उभे राहिले. चारही घरांना हो आलं.

मग आमचा. फडकं नणंदेने डाव्या हाताने आणि दातांनी बांधलं होतं. मी बांबू उचलला आणि ओट्यावर टेकवला. ओटा जमिनीपासून हातभर उंच. वर पाहिलं. साधा जमिनीवर धरला असता तरी फडकं परकोटाच्या खालीच राहिलं असतं.

"वहिनी, नालीत ठेव ना," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"अवो, खाली घे! परक्या माणसासमोर लाज वाटून राह्यली का तुले? आज तरी लाज सोड ना, मुके!" ती एका हाताने बांबू ओढू लागली. मी दोन हातांनी धरला होता. माझ्या हातात जोर होता, तिच्या नव्हता.

शिपाई फोनवर ऐकत होता. "हो साहेब. दिसते ना? हाव." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुमचं नाई झालं, बाई."

संध्याकाळी काकू नवऱ्याला म्हणाली, "लाजली बिचारी. पुरुष माणूस पाहिला की हिचे हातपायच हालत नाई." नवऱ्याने मला भोळी समजून सोडून दिलं. नणंदही तसंच समजली. जाताना पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुह्या लाजेपायी मी चालली."

मी तिच्या पाया पडले.

पुढे एकदा तलावापलीकडे गेले होते, तेव्हा परकोट पाहिला. सरळ, काळा, वर नुसतं आभाळ. नियम चांगला आहे. मला तो मनापासून आवडतो.

दिवाळीनंतर तिच्या गावातून फोन आला. दिराने तिचं डोकं फोडलं होतं, टाके पडले होते. फोन हातात धरून नवरा म्हणाला, "आणू का तिले?"

मी भाजी चिरत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, त्याने मला काही विचारलेलं हे पहिलंच.

"झोपवता कुठी?" मी म्हणाले.

तो खोलीभर पाहत राहिला. मग फोनवर म्हणाला, "सध्या तिथीच राहू द्या."

तेव्हापासून घरात काही ठरवायचं असलं की तो मला विचारतो.