सहादेवआप्पांची झोप

एखाद्याला झोप येत नाही असं कळलं, की आजूबाजूचा जो तो वैद्य होतो. खोटं वाटत असेल तर राहुरीपासून थोडं आत, कालव्याच्या अंगाला असलेल्या वस्तीवर जाऊन सहादेवआप्पांना विचारा. कुणी त्यांना जायफळ उगाळून दुधातून घ्यायला सांगितलं, कुणी खसखशीची खीर सांगितली. एका पाहुण्याने उशी दक्षिणेला फिरवली, तर पुढच्या महिन्यात आलेल्या दुसऱ्या पाहुण्याने कपाळाला हात लावून ती पूर्वेला केली. उपाय सांगायला काही लागत नाही. जागायचं दुसऱ्याला असतं.

राहुरीच्या बाजारात मेहताबभाईंचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. आप्पांची दाढी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्यांनी एकदा बदामाचं तेल जिरवून अशी काही चंपी केली, की आप्पांचे डोळे मिटले. मेहताबभाईंनी हळूच टीव्ही बंद केला, बाकावरच्या गिऱ्हाइकांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं आणि आपल्या हाताच्या गुणावर ते स्वतःच खूश होऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. मग आप्पा डोळे न उघडताच म्हणाले, "जागा हाय मी, भाई. बातम्या चालू द्या."

हसण्यावारी नेत होते, पण आतून माणूस पार पिळून निघाला होता. दिवसा डोक्यात घण पडायचे, हातातली वस्तू निसटायची, नातवंडांवर उगाच ओरडणं व्हायचं आणि मग त्याचंच वाईट वाटायचं. एकेकाळी हाच माणूस बांधावर धोंडा उशाला घेऊन घोरायचा. आता त्यांना एकच हवं होतं. अंथरुणाला पाठ लागावी आणि मेल्यागत झोपावं.

हे दुखणं आलं कुठून? शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दहाच्या सुमारास लाईट आली की मोटर चालू करायची, आणि उजाडेपर्यंत दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. थोरला मुलगा काकासाहेब दूध संकलनाचा टेम्पो चालवतो, त्याला पहाटे निघावं लागतं. तेव्हा आप्पाच त्याला म्हणाले होते, "तू नको झोप मोडू. गाडी चालवतो तू. मी बघतो पाण्याचं." कुणी जबरदस्ती केली नव्हती. बापाने आपखुशीने दिलं होतं.

पुढे उसात बिबट्या दिसायला लागला आणि रात्रीला गडी मिळेनासा झाला. दुप्पट रोज देतो म्हटलं तरी कुणी येईना. आप्पांनी खाट गोठ्याच्या पडवीत टाकली. बॅटरी, काठी आणि मोठमोठ्याने खोकत राहायची सवय, एवढ्यावर त्यांनी कांदा भिजवला, ऊस भिजवला, गाया राखल्या. काही वर्षांत झोपेने त्यांच्याकडे यायचंच सोडलं. दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यातही डोळ्याला डोळा लागेना. वस्तीवरचे लोक म्हणायचे, "आप्पा जागं हायेत, खुशाल झोपा." खरं सांगायचं तर आप्पांना ते ऐकून बरं वाटायचं. माणसाला कशाचा मोठेपणा वाटेल सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी चक्कर येऊन ते गव्हाणीवर पडले, तेव्हा काकासाहेब आणि आप्पांची बायको गोजरबाई त्यांना राहुरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी नाडी पाहिली, बरंच काही विचारलं आणि आप्पांना तपासणीसाठी रक्त द्यायला शेजारच्या खोलीत पाठवलं. ते दंडाला कापूस धरून बाहेर आले, तोवर मायलेक पायऱ्या उतरून टेम्पोपाशी उभे होते.

"काय म्हनल्या?" आप्पांनी विचारलं.

काकासाहेबाने टेम्पोचं दार उघडलं. "काय न्हाई. वयामुळं व्हतं असं म्हनल्या. अंगात उष्णता हाय. घरचं उपाय करा म्हनल्या."

गोजरबाई आत चढून बसल्या. वाटेत त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि भांड्यांच्या दुकानातून काशाची वाटी घेतली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, जेवणं झाली की गोजरबाई पडवीत यायच्या, खाटेच्या पायथ्याशी बसायच्या आणि आप्पांच्या तळपायाला गाईचं तूप लावून त्या वाटीने घासायच्या. त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेले, खाली बसताना तोंडातून कण्हणं निघायचं. तरी एक दिवस खाडा नाही. घासता घासता तूप काळं पडायचं. मग त्या वाटी दिव्यासमोर धरायच्या. "बघा, किती उष्णता निघाली!"

आप्पा बघायचे. झोप यायची नाही, पण वाटायचं, नशिबात झोप नसेल तर नसो, ही बाई तर आहे. सगळ्या वस्तीत कुणाची बायको एवढं करते? मेहताबभाईंना त्यांनी एकदा हे सांगितलंही होतं, आणि सांगून झाल्यावर घाईघाईने दाढीला बसले होते.

यंदा दिवाळीनंतर आप्पा ताडपत्री आणायला एकटेच राहुरीला गेले. एसटीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखाना समोरच होता. गेले.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. "बाबा, तुम्ही! काय, झोप लागते ना आता?"

"कशाची लागती, म्याडम. लाईटीची पाळी हायच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे? अजून रात्री शेतावर जाता तुम्ही?"

"जावंच लागतं. दुसरं कोन हाय?"

"अहो, मी मुलाला तेव्हाच सांगितलं होतं. यांचं रात्रीचं काम आधी बंद करा. रोज एकाच वेळी आत घरात झोपायचं, एकाच वेळी उठायचं, मध्ये कुणी उठवायचं नाही, दुपारनंतर चहा नाही. दोन-तीन महिने नेटाने केलं की झोप आपोआप रुळावर येईल. वयाचा काही संबंध नाही, म्हटलं, तुम्ही त्यांची झोप मोडलीये." बाईंनी पुन्हा पेन उचललं. "तुमच्या मंडळीही होत्या की. त्यांनी तर मला दोनदा विचारलं, रात्रीचं काम बंद केलं तर नक्की येईल ना झोप? मी म्हटलं, नक्की येईल."

आप्पांनी मान हलवली. नमस्कार केला आणि बाहेर आले. ताडपत्री घ्यायची राहिली.

मुलाचं त्यांना एवढं लागलं नाही. मुलगा तरुण आहे, त्याच्यामागे दगदग आहे, तो लबाडी करू शकतो, हे बापाला कुठेतरी ठाऊक असतंच. पण गोजरबाईंनी दोनदा विचारलं होतं. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, खात्री करून घेतली होती. आणि मग वाटी विकत घेतली होती. एसटीच्या खिडकीशी बसून आप्पा रडले. शेजारच्या माणसाने डोळ्यांत धूळ गेली का विचारलं, तेव्हा हो म्हणाले.

संध्याकाळी गोजरबाई तूप-वाटी घेऊन आल्या, गुडघ्यावर हात देऊन खाली बसल्या आणि पायाला हात घातला. आप्पांनी पाय वर ओढून घेतले.

"काय झालं?"

"डॉक्टरीणबाई भेटल्या हुत्या आज."

गोजरबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनी वर पाहिलंच नाही. काकासाहेब अंगणात टेम्पोचा फाळका लावत होता, तो आवाज ऐकून पुढे आला. आप्पांच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याला विचारायची गरज राहिली नाही.

"आप्पा, तुमी तसंबी जागंच असता," तो म्हणाला. "मी म्हनलं, एवढा कांदा निघू द्या, मंग बघू. मंग ऊस आला. गडी मिळतो का रात्रीचा? तुमीच सांगा."

"मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो का रं?" आप्पांचा आवाज फुटला. "सांगायचं तरी. खोटं कशापायी बोलला?"

बोलल्या त्या गोजरबाई, आणि त्यांना रडूही आलं आणि रागही. "मंग काय करायचं हुतं मी? तुमी घरात निजला असता तर ह्यो गेला असता रातचा. बारकी पोरं हायेत त्याला. लेकाला बिबट्याच्या तोंडी द्यायचं व्हय?"

"आन मला दिलं तर चालतं?"

हे त्यांनी ओरडून विचारलं नाही. गोजरबाई वाटीत बघत राहिल्या. काकासाहेब तोंड फिरवून टेम्पोकडे गेला. गोठ्यात गाया रवंथ करत होत्या. दोन वर्षं रोज पाय चोळून मिळत होतं ते काय होतं, हे आप्पांना त्या क्षणी कळलं. गोजरबाई उष्णता काढत नव्हत्या. आपल्या जिवाला लागलेली टोचणी काढत होत्या.

आप्पांनी अंथरूण गुंडाळलं आणि मधल्या खोलीत नेऊन टाकलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. रात्रीची लाईट असली की काकासाहेब दारं धरतो. शेजारच्या वस्तीवरचा शाहबाज आणि तो दोघं मिळून एकमेकांचं पाणी उरकतात. एवढं सोपं होतं ते. आप्पांना कुणी उठवत नाही. सुनेने दुपारचा चहा बंद केला आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तंतोतंत चालू आहे.

झोप मात्र आली नाही. आप्पा पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा बाई चक्रावल्या. "अंथरूण आत आहे? उठवत नाही कुणी? मग अडतंय कुठे?"

"झोपायला घरात कुनावर तरी भरवसा लागतो, म्याडम," आप्पा म्हणाले.

बाईंनी हलकी गोळी दिली. ती पट्टी आप्पा बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, घरात कुणाजवळ देत नाहीत. गोजरबाई रोज संध्याकाळी तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवतात, त्यावर फुलपात्र उपडं घालतात. आप्पा उठतात, माठापर्यंत जातात, स्वतःच्या हाताने पाणी काढून गोळी घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. सकाळी गोजरबाई तांब्या उचलतात तेव्हा तो तसाच काठोकाठ भरलेला असतो.