स्टोअरकीपरची दुसरी वही

"चार मिनिटं झाली, मॅडम. आमच्या गायकवाडांना विचारलं असतं तर एव्हाना चहा पिऊन झाला असता," फॅक्टरीचे मॅनेजर म्हणाले. असा राग आला मला! पण स्क्रीनवर उत्तर काही येईना.

२००५-०६चा सुमार. उल्हासनगरच्या आमच्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल फॅक्टरीचं काम मिळणार होतं. अट एकच. कच्च्या मालाचा एखादा ड्रम खराब निघाला, तर तो कोणकोणत्या बॅचमध्ये वापरला गेला हे कॉम्प्युटरने लगेच सांगायचं. तो गुरुवार होता. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, शनिवारी मालकांसमोर डेमो. फसला तर काम गेलं, आणि आमच्या हातात दुसरं काम नव्हतं.

प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक टूल लागतं. प्रोग्रॅम माहिती मागतो, टूल ती काढून आणतं. माझ्यासमोर दोन होती. एक डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, स्वतःच तयार करायचं. दुसऱ्यात ती आपण हाताने लिहायची. मी हौसेने पहिलं निवडलेलं.

आमचे बॉस लालवाणी सर फोनवर म्हणाले, "अरे बेटा, दूसरा लगा के देख ना!"

लावलं. साडेतीन मिनिटं. कपाळ माझं!

मग मला राहवेना. मॅनेजर ज्यांचं नाव घेत होते ते गायकवाड काका म्हणजे तिथले स्टोअरकीपर, चामटोली गावाहून रोज येणारे. त्यांच्याकडे गेले. "काका, या नंबरचा ड्रम शोधा बघू."

त्यांनी टेबलावरच्या जाड रजिस्टरला हातही लावला नाही. खणातून एक लांबट वही काढली, पान उघडलं, बोट ठेवलं. "तीन बॅचमध्ये गेलाय."

रजिस्टर तारखेप्रमाणे होतं, त्यातल्याच नोंदी मी कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. ही वही ड्रमच्या नंबराप्रमाणे, आणि प्रत्येक नंबरापुढे रजिस्टरचं पान. अगं बाई! डेटाबेसमध्ये यालाच इंडेक्स म्हणतात, आणि ड्रमच्या नंबरावर मी तो लावलाच नव्हता. दोन्ही टूल्स बिचारी तीन वर्षांच्या नोंदी पहिल्यापासून चाळत बसली होती.

इंडेक्स लावला. दोन्ही टूल्सनी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं.

"काका, पंधरा दिवस येतेय मी इथे. ही वही दाखवली का नाहीत?"

"तुम्ही रजिस्टर मागितलंत, ते दिलं. ड्रम कसा शोधतो, ते कुठं विचारलंत?"



शनिवारी काम मिळालं. टूल शेवटी दुसरंच घेतलं, ज्यात क्वेरी हाताने लिहायची ते. निदान माझी चूक मला दिसेल. आता नव्या ठिकाणी गेले की आधी अर्धा दिवस स्टोअरकीपरच्या शेजारी बसते. टूल कोणतं, त्यावर भांडायला उरलेला आठवडा असतोच.