फळ्यासमोरचा फेर

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत गौरी-गणपतीत बायका फेर धरतात. एकीनं गाणं उचलायचं, बाकीच्यांनी गोल फिरत ते झेलायचं. उचलणारी मी. सासूबाईंनी जाताना दागिने धाकट्या जावेला दिले आणि गाणी मला, हे मी जो भेटेल त्याला ऐकवायची. ही गोष्ट घडली तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अक्कल यायला अजून वेळ होता.

त्या वर्षी भाताची लावणी आटपल्यावर महाडहून एक बाई येऊ लागल्या, मोठ्या बायकांना लिहावाचायला शिकवायला. दुपारी देवळात वर्ग. बाईंनी पुस्तक काढलंच नाही. म्हणाल्या, तुमची गाणी सांगा. आम्ही सांगायचो, त्या फळ्यावर लिहायच्या. मग फेर धरायचा, एकीनं छडी घेऊन ओळ दाखवत वाचायची, बाकीच्यांनी नाचत ती म्हणायची.

मी मनात हिशेब केला. गाणी फळ्यावर गेली, सगळ्या वाचायला लागल्या, तर मला कोण विचारणार? आणि मला तर एक अक्षर येत नव्हतं. पण गाणी पाठ होती ना. मी पहिल्याच दिवशी छडी घेतली आणि ओळींवरून फिरवत ठणठणीत गायले. बाईंनी शाबासकी दिली. धाकटी जाऊ बिचारी एकेक अक्षर चाचपत बसायची, तिला मी म्हणायची, तांदूळ निवडतेस का गो?

पंधरा दिवस माझं राज्य चाललं. मग एक दिवस बाईंनी वरंधकडचं गाणं फळ्यावर लिहिलं. आमच्यातल्या एकीचं ते माहेर, तिनं ते सांगितलं होतं. मी उशिरा पोचले, छडी उचलली आणि नेहमीचं आमचंच गाणं सुरू केलं. फेर दोन पावलं चालला आणि थांबला.

जाऊ फळ्याजवळ गेली, डोळे बारीक करून बघत राहिली. म्हणाली, "वयनी, हितं नदी लिवलीय. तुम्ही डोंगर गायलात."

मी छडी ठेवली आणि गुडघा दुखतोय म्हणून घरी आले. चार दिवस तो गुडघा दुखला. लंगडायचा पाय मध्येच बदलायचा, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पाचव्या दिवशी जाऊ पाटी घेऊन ओटीवर येऊन बसली. "तुम्हाला येत नाय, हे पहिल्या दिवसापास्नं सगळ्यांना ठावं हाय."

"मग बोलली का नाय कोण?"

"तुमच्या तोंडाला कोण लागणार? चला आता. तुमच्याबिगर गाणं कोण उचलतच नाय."

त्या पाटीवर तिनं मला शिकवलं. तांदूळ निवडायचा टोमणा तिनं व्याजासकट परत केला.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात फेर धरला. वर्गातल्या बायकांनी नवं गाणं रचलं होतं, प्रत्येकीची एक ओळ. मला ते मुद्दाम ऐकवलं नव्हतं. बाईंनी कागद हातात दिला. पाठांतराची सोयच नव्हती. मी पहिला शब्द जुळवू लागले. फेर पुढे जाईना, पण मोडलाही नाही. बायका जागच्या जागी पाय आपटत ताल धरून उभ्या राहिल्या. एकीनंही शब्द पुढे केला नाही. शेजारच्या वाडीच्या पाहुण्या बघत होत्या, तरी नाही.

एकेक ओळ अशीच सरली आणि जावेची ओळ आली. मी अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं, "थोरली जाऊ... घरात वाघीण... फळ्याला भिते गो."

अर्थ मला कळला तो शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर. तोवर अख्ख्या फेरानं ओळ झेलली होती. मीच उचलून दिली होती. मलाच इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. जन्मात पहिल्यांदा मी असं काही वाचलं होतं जे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या बायकांनी ताल धरून मला जो वेळ दिला, तेवढा माझ्या आईबापांनाही कधी देता आला नव्हता.

उत्तर मला जागेवरच सुचलं होतं, चांगलं झणझणीत. पण बाई म्हणाल्या, आता लिहूनच द्या. लिहायला आठवडा लागला. तेवढे दिवस जाऊ रोज सकाळी ओटीवर डोकावून विचारायची, "वयनी, माझी शिवी झाली का पुरी?"