आफ्रिकेला पाठवणारी कंपनी

पुण्याच्या कंपनीत मी राजीनामा दिला तेव्हा तिथं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. केक कापला, फोटो काढला, लॅपटॉप परत घेतला आणि सगळे आपापल्या मीटिंगला गेले. गावाकडं मात्र असं झालं नाही. बेंबळीच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं माझे वडील, म्हणजे अण्णा, कित्येक वर्षं एकाच वाक्यावर ताठ मानेनं वावरत होते: पोरगी पुण्याला मोठ्या कंपनीत हाय. ते वाक्य तू त्यांच्या तोंडातून काढून घेतलंस, असं आई म्हणाली.

नोकरी का सोडली याचं धड उत्तर मला तेव्हाही देता येत नव्हतं. छळ नव्हता, भांडण नव्हतं. रोज सकाळी एका मीटिंगमध्ये बसून दुसरी कधी घ्यायची ते ठरवायचं, हे काम मी करत होते आणि चांगलं करत होते. त्याचीच मला भीती वाटायला लागली होती. छत्तिशी उलटली होती, लग्नाचा विषय घरच्यांनी कंटाळून सोडला होता आणि गुडघे अजून शाबूत होते. युरोप परवडण्यातला नव्हता. टांझानिया, मलावी, झांबिया या देशांत मात्र मिळेल त्या गाडीनं हिंडायचं, तंबूत झोपायचं आणि पडेल ते खायचं ठरवलं तर साचवलेल्या पैशात पाच-सहा महिने सहज निघणार होते.

अण्णांना सांगितलं तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. सोयाबीनचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं, ते उघडून उगवलंय का ते बघत बसले होते. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तिथं आपलं कोन हाय?"

मी म्हणाले, कुणी नाही, म्हणून तर चाललेय. हे उत्तर मला फार झकास वाटलं होतं. अण्णांनी गोणपाट पुन्हा गुंडाळलं, हात धुतले आणि ते रानाकडं निघून गेले. मी निघेपर्यंत आमच्यात जेवायला ये आणि दिवा बंद कर यापलीकडं बोलणं झालं नाही. मीही त्यांचीच लेक, मीही बोलले नाही.

आफ्रिकेत सगळंच नवं असेल असं धरून मी गेले होते. पहिल्याच आठवड्यात एका मिनीबसमध्ये बसले तर ती भरल्याशिवाय हलेना, आणि भरली की नाही हे ठरवणारा एकटा ड्रायव्हर. माझ्यासोबतची दोन गोरी पोरं हवालदिल झाली. माझं आजोळ येरमाळ्याचं, तिथल्या फाट्यावर काळ्यापिवळ्या जीपमध्ये ताटकळत मी लहानाची मोठी झालेली. पिशवी मांडीवर घेतली आणि खुशाल झोपले. किलिमांजारो चढणं खिशाबाहेरचं होतं, तेव्हा पायथ्याच्या टपरीवर चहा घेत त्याचं तोंडभरून दर्शन घेतलं. तो डोंगर ढगातून बाहेर आला तेव्हा टपरीवाली माझ्याकडं बघून अशी हसली, जणू तिनंच तो बाहेर काढला होता. मक्याच्या पोत्यांवर बसून ट्रकनं घाट उतरले. एका सकाळी तंबूभोवती पाणघोड्याच्या पावलांचे ठसे दिसले, आणि घाबरायचं सोडून मी हसत सुटले. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

मलावीच्या मोठ्या सरोवरातून बोटीनं एका गावाला गेले. रस्ता तिथं पोचत नव्हता आणि मोबाइलची रेंजही. परतीची बोट बिघडली. दुसरी येईपर्यंत दहा-बारा दिवस थांबणं भाग होतं, मग थांबले. मासे साफ करायला शिकले, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा पाल्याच्या भाजीबरोबर हातानं खाल्ला, पोहले. घरी कळवता येत नाही याचं अधूनमधून वाटायचं, पण फार नाही. अण्णा तसेही फोनवर येत नव्हते आणि आईला मी समजूतदार समजत होते.

येळवशीच्या सणाच्या आठवड्यात मी गावी परतले. बसमधून उतरते न उतरते तोच ओळखीच्या एक मावशी म्हणाल्या, कंपनीनं सुट्टी दिली वाटतं. मला वाटलं, त्यांना जुनंच माहीत असेल. किराणा दुकानात विचारणा झाली, आफ्रिकेत कंपनीचं हापिस किती मोठं आहे. घरी येऊन आईला धरलं तेव्हा कळलं. मी गेल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून अण्णांनी गावात सांगायला सुरुवात केली होती: पोरीला कंपनीनं आफ्रिकेला पाठवलंय. पार साहेबीण करून टाकली होती मला.

मला भयंकर राग आला. ऊन, धूळ, ताप, भाषा, सगळ्यातून मी स्वतःच्या हिमतीवर निघाले, आणि इकडं त्याचं श्रेय केक कापणाऱ्या कंपनीला. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. माझी त्यांना इतकी लाज वाटली की खोटं बोलावं लागलं? आईला मी सांगून टाकलं की येळवशीला चारचौघांत खरं काय ते बोलणार. आई म्हणाली, बोल, पण माणसं जेवल्यावर बोल.

आमच्याकडं येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात पूजा मांडायची आणि मग बाजरीचे उकडलेले उंडे, ओले दाणे आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, खीर, माठातली गार आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. आमच्या पंगतीला बांधाशेजारचे काका आणि त्यांची मुलगी होती. ज्वारी कमरेच्या वर गेली होती आणि भज्जीला नेहमीसारखी चव आली होती. मी मात्र रागानं नीट जेवतही नव्हते.

काकांनी दुसरा उंडा मोडला आणि सरळ माझ्याकडं वळले. "बाई, तुज्या कंपनीत आमच्या पोरीचं बघ की. बीएस्सी झालीय. आफ्रिकेला धाडली तरी चालंल."

त्या मुलीचा हात ताटातच थांबला. बापानं हे मोठ्या मुश्किलीनं मान्य केलं असणार, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आता आईची अट पाळणं शक्य नव्हतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी अण्णा बोलले.

"कंपनी न्हाय," ते म्हणाले. "तिनं नोकरी कवाच सोडली. ती आपल्या मनानं हिंडाय गेलती. म्या खोटं सांगितलं."

आई उगाच भज्जीचं पातेलं हलवायला लागली. काका रागावले नाहीत, पण चक्रावले. असं खोटं सांगायची काय गरज पडली, असं त्यांनी विचारलं. मीही हातातला घास ठेवून अण्णांकडं बघत राहिले. लाज वाटली, हे उत्तर मला आता त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"भ्या वाटलं," अण्णा म्हणाले. "तिथं आपलं कुनी न्हाय. काय झालं तर कुनाला इचारायचं? कंपनी आसली म्हंजे इचारायला एक दार आसतंय."

मग आईनं सांगितलं, जे मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. मी त्या सरोवराकाठी अडकले होते त्या दिवसांत अण्णांनी जेवण सोडल्यासारखंच केलं होतं. माझा फोन येईना हे कळल्यावर गावात जो भेटेल तो म्हणे, कंपनीत चौकशी करा की. आपणच उभी केलेली कंपनी, नाही कसं म्हणणार? एका सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि एकटेच पुण्याला गेले. माझ्या जुन्या ऑफिसच्या गेटवर जाऊन माझं नाव सांगितलं. वॉचमननं आत फोन लावून विचारलं आणि अशी कुणी इथं नाही म्हणाला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. अण्णा संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते.

"मी तिथं नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?" मी विचारलं. माझा राग कुठल्या कुठं गेला होता.

"व्हय. माहीत होतं," अण्णा म्हणाले. "पर दुसरं कुठं जाऊ?"

मला रडू आवरेना. खीर वाढता वाढता आईही डोळे पुसत होती आणि काका अवघडून ज्वारीकडं बघत होते. त्यांच्या मुलीनंच पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. पुण्यात माझ्या ओळखी आहेत, तुझ्यासाठी नक्की विचारेन, आफ्रिकेचं तेवढं माझ्या हातात नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ताई, ते माझं मी बघते. काकांनी तिच्याकडं चमकून पाहिलं.

पुढच्या वर्षी नामिबियाला जायचं माझ्या डोक्यात होतं, पण त्या क्षणी ते मीसुद्धा बोलले नसते. काकांनीच शेवटी विचारलं, आणि मला न विचारता अण्णांना विचारलं, की आता पोरगी पुन्हा जाणार का.

अण्णांनी आंबिलीची वाटी भरून माझ्यापुढं ठेवली.

"जाईल की," ते म्हणाले. "आन गावात कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा."